सिनेटर निवडणारी विधिमंडळे: लिंकन यांचा पराभव, १८६६चा कायदा आणि रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या

प्रश्न दोन भागांत विचारला गेला आहे. १८५८ साली इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन यांच्या पक्षाला अधिक मते मिळूनही डेमोक्रॅट स्टीफन डग्लस सिनेटर, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या (केंद्रीय संसदेच्या) वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, कसे झाले, हा पहिला भाग. आणि अमेरिकेत राज्यांच्या विधिमंडळांनी सिनेटर निवडण्याची पद्धत शेवटी बंद पडली ती लाचखोरीमुळेच ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकड्यांत देता येते. दुसऱ्याला ‘हो’ म्हणण्याची पद्धत आहे, पण विधिमंडळाच्या निवडणुकांत मतमोजणीच्या टेबलाशी बरीच वर्षे काढल्यामुळे मला ते उत्तर अपुरे वाटते. लाच होतीच. परंतु त्या पद्धतीचा खरा आजार तिच्या नियमांत होता, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत वॉशिंग्टनने नव्हे, तर राज्यांच्या विधिमंडळांनी मोजली, असे माझे मत आहे.

आधी १८५८. त्या वर्षी २ नोव्हेंबरला इलिनॉयच्या मतदाराने ना लिंकन यांना मत दिले, ना डग्लस यांना; त्याच्या हातातल्या मतपत्रिकेवर दोघांचीही नावे नव्हती. मतपत्रिका त्या काळी पक्षच छापून देत असत, आणि तिच्यावर राज्याचा खजिनदार, शिक्षण अधीक्षक, काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचा उमेदवार आणि राज्याच्या विधिमंडळाचे उमेदवार एवढीच नावे असत. २१ ऑगस्टला ओटावा येथे सुरू होऊन १५ ऑक्टोबरला ऑल्टन येथे संपलेले ते सात प्रसिद्ध वादविवाद दोघांनी केले, ते प्रत्यक्षात स्वतःसाठी नव्हे, तर आपापल्या पक्षाच्या विधिमंडळ-उमेदवारांसाठी. खजिनदारपदाच्या मतांवरून पक्षांचे बळ मोजले तर रिपब्लिकन पक्षाला सुमारे १,२५,००० आणि डग्लस यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे १,२१,००० मते पडली. ‘लिंकन यांना जास्त मते मिळाली’ हे विधान या आकड्यांवर उभे आहे, हे लक्षात ठेवावे.

विधिमंडळात वरिष्ठ सभागृहाचे २५ आणि कनिष्ठ सभागृहाचे ७५ असे १०० सदस्य होते. वरिष्ठ सभागृहातील १३ जणांची मुदत अद्याप संपलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या जागांवर त्या वर्षी निवडणूकच झाली नाही, आणि त्या १३ पैकी ८ डेमोक्रॅट होते. सहसा पराभवाचे खापर यांच्यावरच फोडले जाते, परंतु ते पुरते खरे नाही, कारण नव्याने निवडलेल्या ८७ जागांतही डेमोक्रॅट ४६ आणि रिपब्लिकन ४१ होते. दुसरे कारण मतदारसंघांच्या आखणीचे होते. ती १८५०च्या जनगणनेवर बेतलेली होती, मधल्या आठ वर्षांत राज्याचा उत्तर भाग स्थलांतराने झपाट्याने भरला होता, आणि तोच भाग रिपब्लिकनांचा होता. ५ जानेवारी १८५९ रोजी विधिमंडळाने मतदान केले तेव्हा डग्लस यांना ५४ आणि लिंकन यांना ४६ मते पडली. कोणी फुटले नाही, कोणी विकले गेले नाही. त्या पद्धतीतली ही एक अगदी स्वच्छ निवडणूक होती.

मुळात विधिमंडळांकडे हे काम दिले गेले ते १७८७च्या फिलाडेल्फिया परिषदेत. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी सिनेटर थेट जनतेने निवडावेत असे सुचवले होते, पण त्यांना साथ मिळाली नाही, आणि ७ जूनला जॉन डिकिन्सन यांची विधिमंडळांनी निवड करण्याची सूचना एकमताने मान्य झाली. यामागे दोन विचार होते. राज्यांना केंद्रसत्तेपासून आपले रक्षण करण्याचे साधन हवे, असे जॉर्ज मेसन यांच्यासारख्यांचे म्हणणे होते. आणि दुहेरी गाळणीतून वर येणारी माणसे अधिक सुजाण असतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. पैकी पहिला विचार फार काळ टिकला नाही, कारण त्याला हात-पायच दिलेले नव्हते. आधीच्या राज्यसंघात राज्याला आपला प्रतिनिधी परत बोलावता येत असे. नव्या घटनेत तो अधिकार नव्हता, आणि सिनेटरची मुदत सहा वर्षांची होती. विधिमंडळे सिनेटरांना ‘आदेश’ पाठवत, पण तो पाळण्याची सक्ती नव्हती. ज्यांना तो बंधनकारक वाटला त्यांच्यापुढे राजीनाम्याचाच मार्ग उरे. व्हर्जिनियाचे जॉन टायलर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १८३६ साली हेच केले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावरील निषेधाचा ठराव सिनेटच्या इतिवृत्तातून खोडण्याच्या बाजूने मत देण्याचा विधिमंडळाचा आदेश त्यांना पटला नाही, म्हणून ते बाहेर पडले. असे करणारे थोडे, आणि दिवसेंदिवस कमी होत गेलेले.

घटनेने ‘विधिमंडळाने निवडावे’ एवढेच म्हटले. कसे निवडावे ते सांगितले नाही. आमच्या क्षेत्रात एखादा नियम वाचताना पहिला प्रश्न असा विचारायचा असतो की, ‘एवढे सगळे करूनही कोणी निवडून आले नाही तर काय?’ तो प्रश्न तिथे कोणी विचारलेला दिसत नाही. दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे मतदान करून एकाच नावावर यायचे, की एकत्र बसून डोकी मोजायची? न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच खेपेला, १७८९ साली, दोन सभागृहांचा याच मुद्द्यावर वाद झाला. नव्या काँग्रेसची मुदत मार्चमध्ये सुरू झाली, पण न्यूयॉर्कचे रूफस किंग आणि फिलिप स्कायलर निवडले गेले ते जुलैमध्ये. कॅलिफोर्नियाची एक जागा मार्च १८५५ पासून जानेवारी १८५७ पर्यंत रिकामी होती. अल्पमतातला पक्ष गणपूर्ती मोडून किंवा संयुक्त बैठकीला जाण्यासच नकार देऊन निवडणूक अडवू शकत असे, आणि ही युक्ती बऱ्याच राज्यांना लवकर साधली.

या मोकळ्या काळातल्या एका निवडणुकीकडे जरा जवळून पाहू, कारण सभागृहात नेमके काय घडत असे ते तिच्यात फार स्पष्ट दिसते. १८५५ची, पुन्हा इलिनॉयचीच, आणि पुन्हा लिंकन यांचीच. नोव्हेंबर १८५४ मध्ये ते स्वतः राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले होते. परंतु विधिमंडळाच्या सदस्याला सिनेटर होता येत नाही, अशी इलिनॉयच्या घटनेची आडकाठी होती, म्हणून त्यांनी ती जागा सोडली, आणि तिच्या पोटनिवडणुकीत विरोधी पक्षाचा उमेदवार निवडून आला. सिनेटच्या शर्यतीत उतरण्याची पहिली किंमत अशी एका मताची पडली. त्यानंतर त्यांनी सर्व सदस्यांची यादी आपल्या हाताने, पक्षनिहाय, लिहून काढली. आजचा प्रतोद मतदानाच्या आदल्या रात्री करतो तेच काम. जानेवारीच्या बर्फवादळाने रेल्वे अडकून पडली, सदस्य पोहोचेनात, आणि निवडणूक लांबून ८ फेब्रुवारीला झाली.

पहिल्या फेरीत लिंकन यांना ४४, मावळते सिनेटर जेम्स शील्ड्स यांना ४१ आणि लायमन ट्रंबल यांना अवघी ५ मते मिळाली; उरलेली इतरत्र विखुरली. ही पाच मते गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या, परंतु हाडाच्या डेमोक्रॅट असलेल्या सदस्यांची होती. नॉर्मन जड आणि जॉन पामर हे त्यांत होते. लिंकन यांच्याशी त्यांचे मूळ प्रश्नावर मतभेद नव्हते. आपण जन्मभर ज्या व्हिग पक्षाशी (लिंकन यांच्या तेव्हाच्या पक्षाशी) लढलो त्याच्या माणसाला मत द्यायचे नाही, एवढीच अट होती. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. सहाव्या-सातव्या फेरीच्या सुमारास डेमोक्रॅटांनी शील्ड्स यांना सोडून राज्यपाल जोएल मॅटसन यांना पुढे केले, आणि नवव्या फेरीअखेर मॅटसन ४७, ट्रंबल ३५, लिंकन १५ अशी स्थिती झाली. मॅटसन यांना मोजकीच मते कमी होती. तेव्हा लिंकन यांनी आपल्या उरलेल्या पंधरा जणांना ट्रंबल यांच्याकडे जायला सांगितले, आणि दहाव्या फेरीत ट्रंबल ५१ मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी इलिनॉयचे काँग्रेस-सदस्य एलिहू वॉशबर्न यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी हा सारा हिशेब मांडला आहे. आपल्याला एकूण ४७ वेगवेगळ्या सदस्यांनी कधी ना कधी मत दिले होते, हेही त्यांनी त्यात नोंदवले आहे.

मतमोजणी करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या गोष्टीत एक विलक्षण बाब आहे. पाच मतांचा उमेदवार जिंकतो आणि चव्वेचाळीस मतांचा माघार घेतो. निम्म्याहून अधिक मते लागतातच, कोणी बाद होत नाही, फेऱ्यांना अंत नाही, अशा नियमात ज्याचा हट्ट सर्वांत पक्का त्याचेच बळ सर्वांत मोठे ठरते. १८५५ला हे निभावले, कारण समोर लिंकन होते आणि त्यांना स्वतःपेक्षा प्रश्न मोठा वाटला. जड आणि पामर यांच्याविषयी त्यांनी मनात काही ठेवले नाही. १८६०च्या शिकागो अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकन यांचे नाव मांडणारे नॉर्मन जडच होते. (श्रीमती लिंकन यांना मात्र हे इतक्या सहज विसरता आले नाही. ट्रंबल यांच्या पत्नीशी त्यांची जुनी मैत्री होती, ती या निवडणुकीनंतर तुटली.) माघार घेण्याची ही समज नसलेला उमेदवार त्याच नियमाने काय करू शकतो, ते पुढे दिसले.

या गोंधळाला केंद्रीय कायद्याने शिस्त लावण्याचे निमित्त न्यू जर्सीने दिले. १८६५ साली तेथील ८१ सदस्यांच्या संयुक्त बैठकीत बहुमत कोणालाच मिळेना, तेव्हा ‘सर्वाधिक मते मिळवणारा निवडून आला असे मानावे’ असा ठराव ४१ विरुद्ध ४० मतांनी झाला, आणि त्यानुसार जॉन स्टॉक्टन हे डेमोक्रॅट ४० मतांवर विजयी ठरले. मला विचाराल तर कोंडी फोडण्याचा तो एक समंजस मार्ग होता. परंतु वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या नकाराधिकारावर मात करण्यासाठी रिपब्लिकन पक्ष सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांची जुळवाजुळव करत होता, आणि एकेक खुर्ची मोलाची होती. मार्च १८६६ मध्ये स्टॉक्टन यांच्या निवडीवर मतदान झाले तेव्हा २१-२१ अशी बरोबरी झाली, आणि स्टॉक्टन यांनी स्वतःच्याच बाजूने मत टाकून ती फोडली. सभागृहाला हे सहन होण्यासारखे नव्हते. फेरविचार झाला आणि २७ मार्चला २३ विरुद्ध २० मतांनी त्यांची निवड रद्द झाली. ६ एप्रिलला नागरी हक्क विधेयकावरील नकाराधिकार सिनेटने ३३ विरुद्ध १५ मतांनी मोडून काढला.

त्यातून २५ जुलै १८६६चा कायदा आला. तो नीट वाचण्यासारखा आहे. विधिमंडळ स्थापन होऊन कामाला लागल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी प्रत्येक सभागृहाने स्वतंत्रपणे मतदान करायचे, तेही उघड. नाव पुकारताच सदस्याने उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता दोन्ही सभागृहांनी एकत्र जमून दोन्हींची इतिवृत्ते वाचायची. दोन्हीकडे एकाच व्यक्तीला बहुमत असेल तर ती निवडून आली. नसेल तर संयुक्त बैठकीत नाव पुकारून मतदान. तिथे बहुमत मिळेपर्यंत रोज दुपारी बारा वाजता जमायचे आणि दररोज निदान एक फेरी तरी घ्यायची.

कायदा करणाऱ्यांना वाटले की रोज फेरी घ्यायची सक्ती केली की सदस्य कंटाळून तडजोड करतील. बहुतेक वेळा तशी वेळच आली नाही. एका पक्षाकडे भक्कम बहुमत असे, पक्षाच्या अंतर्गत बैठकीत, म्हणजे कॉकसमध्ये, नाव ठरे, आणि दोन दिवसांत काम उरके. परंतु बहुमतवाल्या पक्षात दोन गट पडले की कायद्याचे दात बोथट ठरत. बहुमताची अट कायम, तळाचा उमेदवार बाद करण्याची सोय नाही, अमुक फेऱ्यांनंतर सर्वाधिक मतांवर निकाल लावण्याची मुभा नाही. न्यू जर्सीने शोधलेला तोच मार्ग आता कायद्यानेच बंद केला होता. रोज बारा वाजता जमायचे, ठरलेली नावे घ्यायची आणि उठायचे, असा तो सोपस्कार होऊन बसला. १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून अशा पंचेचाळीस कोंड्या झाल्या. याउलट १८६६ ते १९०६ या चाळीस वर्षांत लाचखोरीची प्रकरणे म्हणून सिनेटपुढे आली ती नऊ. लाच अर्थातच लपूनछपून दिली जाते आणि सगळीच सिनेटपर्यंत पोहोचत नाही. तरीही या दोन आकड्यांतली तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

सर्वांत करुण, आणि खरे सांगायचे तर थोडे हास्यास्पद, उदाहरण डेलावेअरचे आहे. दोन्ही सभागृहे मिळून तीस सदस्यांचे विधिमंडळ. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपरिषदेएवढे. जॉन एडवर्ड अ‍ॅडिक्स नावाच्या गॅस कंपन्यांत पैसा कमावलेल्या गृहस्थाला सिनेटर व्हायचे होते, आणि रिपब्लिकन पक्षाचा एक गट त्याने आपल्या खर्चाने बांधून ठेवला होता. बहुमत त्याला कधीच मिळाले नाही, पण ‘मी नाही तर कोणीच नाही’ एवढे म्हणण्यापुरती मते त्याच्यापाशी असत. १८९५ साली ११४ दिवसांत २१७ फेऱ्या झाल्या. मध्येच राज्यपालांचे निधन झाले आणि वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष विल्यम वॉटसन राज्यपाल झाले, तरीही ते सभागृहात येऊन बसले आणि त्यांनी मतही दिले. अ‍ॅडिक्सचे प्रतिस्पर्धी हेन्री दु पाँ यांना १५ मते होती. वॉटसन यांचे मत धरले तर एकूण ३०, म्हणजे १५ हे बहुमत नाही. न धरले तर २९, म्हणजे १५ हे बहुमत. राज्यपाल असलेला माणूस आमदार म्हणून मत देऊ शकतो का, या एका प्रश्नावर अमेरिकेच्या सिनेटची एक जागा अडकली, आणि मे १८९६ मध्ये सिनेटने ३१ विरुद्ध ३० मतांनी दु पाँ यांचा दावा फेटाळला. पुढे १८९९ मध्येही निवड होऊ शकली नाही, १९०१ मध्ये दुसरी जागाही रिकामी झाली, आणि मार्च १९०१ पासून मार्च १९०३ पर्यंत डेलावेअरचा एकही सिनेटर वॉशिंग्टनमध्ये नव्हता. अ‍ॅडिक्सला ती खुर्ची अखेरपर्यंत मिळाली नाही. दु पाँ मात्र १९०६ मध्ये सिनेटर झाले.

अशा वेळी राज्यपालाने कोणाला नेमले तर? घटनेने ती सोय विधिमंडळाचे अधिवेशन नसताना पडलेल्या रिक्ततेपुरती ठेवली होती. विधिमंडळाला संधी मिळूनही त्याने निवड केली नसेल, तर राज्यपालाचा माणूस बसवून घ्यायला सिनेट सहसा तयार नसे. पेनसिल्व्हेनियाचे मॅथ्यू क्वे हे राज्यातल्या पक्षयंत्रणेचे निर्विवाद धनी. १८९९ मध्ये ७९ फेऱ्या होऊनही त्यांची फेरनिवड झाली नाही, राज्यपालांनी त्यांना नेमले, आणि एप्रिल १९०० मध्ये सिनेटने ३३ विरुद्ध ३२ मतांनी त्यांना दारातूनच परत पाठवले.

आता लाचेविषयी, कारण तिचे महत्त्व मी नाकारत नाही. मोंटानात तांब्याच्या खाणींचे दोन धनाढ्य मालक, विल्यम क्लार्क आणि मार्कस डेली, यांचे वैर होते. १० जानेवारी १८९९ रोजी हेलेना येथे फ्रेड व्हाइटसाइड या राज्य-सिनेटरने (राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याने) क्लार्क यांच्या माणसांनी मतांसाठी दिलेले ३०,००० डॉलर, हजार-हजारांच्या नोटांत, विधिमंडळापुढे ठेवले. एवढे झाल्यावर क्लार्क संपले असे वाटावे. पण २८ जानेवारीला तेच ५४ मतांनी निवडून आले, आणि त्या ५४ मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाची अकरा मते होती. सिनेटच्या समितीने १९०० साली त्यांच्याविरुद्ध एकमताने अहवाल दिला. निकालाआधीच, १५ मे रोजी, क्लार्क यांनी राजीनामा दिला. राज्यपाल रॉबर्ट स्मिथ त्या वेळी कॅलिफोर्नियात होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत उपराज्यपालांनी त्याच दिवशी, त्याच रिक्त जागेवर, पुन्हा क्लार्क यांचीच नेमणूक केली. राज्यपालांनी परतल्यावर ती रद्द केली. जानेवारी १९०१ मध्ये नव्या विधिमंडळाने क्लार्क यांना रीतसर निवडून दिले आणि त्यांनी सहा वर्षांची पूर्ण मुदत भोगली.

या प्रकरणाकडेही मी नियमाच्या बाजूने पाहतो. १८६६च्या कायद्याने मतदान उघड केले ते सदस्याने पक्षाला फसवू नये म्हणून. परंतु नाव पुकारल्यावर सदस्य मोठ्याने उत्तर देतो तेव्हा ते केवळ पक्षच ऐकत नाही. प्रेक्षक-सज्जात बसलेला पैसे देणाराही ऐकतो. माल पोहोचल्याची पावती त्याला तिथल्या तिथे मिळते. आणि कोंडी जितकी लांबते तितका शेवटच्या दोन-तीन मतांचा भाव चढतो. बाजार नियमाने आयता तयार करून दिला होता. क्लार्क फक्त रोख रक्कम घेऊन आले.

मराठी वाचकाला इथे राज्यसभेची निवडणूक आठवणारच, म्हणून फरक सांगतो. राज्यघटनेच्या ८०व्या अनुच्छेदानुसार आपले आमदारही राज्यसभेचे सदस्य निवडतात, आणि २००३ पासून त्यांनाही मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. विधान परिषदेसाठी आमदार जे मत देतात ते मात्र आजही गुप्त असते. तेव्हा उघड मतदानाचा लाभ-तोटा आपल्याकडेही लागू आहे. परंतु आपल्याकडे एकल संक्रमणीय मताची पद्धत आहे: आमदार पसंतीक्रम लिहितो, सहा जागा असतील तर सातव्या हिश्शाहून किंचित अधिक मते (हाच ‘कोटा’) निवडून यायला पुरतात, आणि उरलेल्यांपैकी कोणाचाच कोटा पूर्ण होत नसेल तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीला दिली जातात. ‘कोणीच निवडून आले नाही’ हा निकाल त्या गणितात संभवतच नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, आक्षेप निवडणूक आयोगापर्यंत गेले, मोजणी मध्यरात्रीपलीकडे लांबली. तरीही पहाटेपर्यंत सहा नावे जाहीर झालेली होती. घोडेबाजाराच्या चर्चा दोन्हीकडे सारख्याच, पण २१७ फेऱ्या आपल्याकडे होऊ शकत नाहीत.

राज्यांनी किंमत मोजली असे मी वर म्हटले, ते ओरेगनमध्ये डोळ्यांना दिसते. १८६६च्या कायद्यात घड्याळ सुरू होते ते विधिमंडळ ‘स्थापन’ झाल्यावर. मग स्थापनच होऊ दिले नाही तर? जानेवारी १८९७ मध्ये सिनेटर जॉन मिचेल यांची फेरनिवड रोखण्यासाठी त्यांच्या विरोधकांनी कनिष्ठ सभागृहाचे कामकाज सुरूच होऊ दिले नाही. जोनाथन बोर्न या खाणमालक राजकारण्याने अनुपस्थित सदस्यांच्या खाण्यापिण्याची आणि राहण्याची बडदास्त ठेवली. अधिवेशनाची मुदत संपली. सिनेटर निवडला गेला नाहीच, पण त्या अधिवेशनात एकही कायदा झाला नाही. राज्याच्या खर्चाची तरतूदसुद्धा झाली नाही. एका माणसाला वॉशिंग्टनला जाण्यापासून अडवण्यासाठी संपूर्ण राज्याचे कामकाज वेठीला धरले गेले.

आणि हे टोकाचे उदाहरण असले तरी त्यातला दोष १८५८च्या इलिनॉयमध्येही होता, म्हणूनच मी त्या निवडणुकीला ‘स्वच्छ’ म्हणतो, ‘चांगली’ म्हणत नाही. ऑल्टनच्या मतदाराला गुलामगिरीच्या विस्ताराबद्दल मत नोंदवायचे असेल तर ते त्याला आपल्या मतदारसंघातल्या विधिमंडळ-उमेदवाराला मत देऊनच नोंदवावे लागे. मग तो उमेदवार रस्ते, शाळा, बँका, करआकारणी याबद्दल कसा आहे, हे पाहायला जागाच उरत नाही. आपण ते सात वादविवाद लोकशाहीचा उत्सव म्हणून वाचतो; राज्याच्या विधिमंडळाच्या दृष्टीने तो त्याच्या स्वतःच्या निवडणुकीवर पडलेला दरोडा होता. थेट निवडणुकीची मागणी करणाऱ्यांत राज्यांची विधिमंडळेच मोठ्या संख्येने होती, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. हे ओझे त्यांना नको झाले होते.

काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने १८९३ पासून पुन्हा पुन्हा घटनादुरुस्तीचा ठराव मंजूर केला आणि सिनेटने तो तितक्याच वेळा बासनात ठेवला. ज्या शिडीने चढून आलो ती कोण काढून टाकणार? शेवटी राज्यांनीच वळसा घेतला. मे १९१२ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती मंजूर केली आणि ८ एप्रिल १९१३ रोजी सतरावी घटनादुरुस्ती संमत झाली, परंतु तोवर जवळपास तीस राज्यांत सिनेटरची निवड कोणत्या ना कोणत्या रूपाने मतदारांच्या हाती गेलेली होती.

त्या वळशाचा नमुना पुन्हा ओरेगनचाच. तेथे विधिमंडळाच्या उमेदवारांना निवडणुकीपूर्वी एका प्रतिज्ञेवर सही करण्याची सोय ठेवली गेली: लोकांच्या मतदानात ज्याला सर्वाधिक मते पडतील त्यालाच, पक्ष न पाहता, मी सिनेटसाठी मत देईन. सही न करणाऱ्याला मतदार ओळखून असत. या व्यवस्थेतून १९०७ मध्ये सिनेटमध्ये गेलेल्या पहिल्या गृहस्थांपैकी एक म्हणजे दहा वर्षांपूर्वी सभागृह बंद पाडणारे तेच जोनाथन बोर्न. आणि सिनेटमध्ये गेल्यावर ते थेट निवडणुकीचे मोठे कैवारी झाले. १९०८च्या मतदानात राज्याच्या रिपब्लिकन मतदारांनी डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना सर्वाधिक मते दिली. जानेवारी १९०९ मध्ये विधिमंडळ भरले, दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत होते, १८६६चा कायदा अजून लागू होता. ठरलेल्या मंगळवारी कारकुनाने एकेक नाव पुकारले, आणि सही केलेले रिपब्लिकन सदस्य एकामागून एक उभे राहून विरोधी पक्षाच्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगत गेले.